रिपेकाताई आणि टेकडीवरचे खड्डे

रिपेकाताईच्या दारावरून हातात पाव घेऊन जायची कुणाची छाती नव्हती. पाव असो, बिस्कीट असो, नाहीतर भाजलेला मासा असो, आधी तो खाऊन संपवायचा किंवा लांबच्या वाटेने जायचं. तिच्या घरामागे कुंपण, कुंपणामागे टेकडीचा उतार, आणि त्या उतारावर गवताखाली खचलेले खड्डे, एकाला लागून एक. तिथे आपले जुने लोक पुरलेत, असं आम्हाला कळायला लागल्यापासून सांगितलेलं. मेलेल्यांच्या जागेत अन्न न्यायचं नाही, हे आम्हा माओरींच्या शेंबड्या पोरालाही कळतं. ती जागा तापू, म्हणजे पवित्र आणि म्हणून वर्ज्य. तिथे जायचं तर रिकाम्या हाताने, आणि बाहेर आल्यावर अंगावर पाणी शिंपडून घ्यायचं. त्यासाठी ताईने कुंपणाच्या खांबाला पाण्याचा डबा टांगून ठेवला होता आणि रोज सकाळी ती तो ताजा भरायची.

मी होआनी, ताईचा चुलतभाऊ. आमच्या सभाघराची जमिनीतली भट्टी माझ्याकडे असते. लग्न असो की मयत, दगड तापवायचे, त्यावर मांस, रताळी, भोपळा ठेवून माती लोटायची आणि वेळेवर उकरून काढायचं, हे माझं काम. म्हणजे आयुष्यभर मी अन्नाच्या बाजूचा माणूस आणि ताई दुसऱ्या बाजूची. तरी आमचं जमायचं, कारण तिच्याकडे जाताना मी हात कोपरापर्यंत धुऊन जायचो.

तरुणपणी ताई लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर पूर्व किनाऱ्यावरच्या गावागावांतून फिरली. कातरणाऱ्याने मेंढी सोडली की ही खाली पडलेली लोकर उचलून टेबलावर अशी फेकायची की सगळी एका झटक्यात चादरीसारखी पसरायची. टोळीतले गडी तोंडाचे फाटके, पण ताई शेडमध्ये असली की शिव्या गिळायचे. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही. आवाज मात्र देवाने सढळ हाताने दिलेला. सभाघराच्या ओसरीत उभं राहून पाहुण्यांना आत बोलावणारी हाक आमच्यात बाईच देते, आणि आमच्या खाडीत ती रिपेकाताई द्यायची. ती हाक आल्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, मग पाहुणा मंत्री का असेना. तिची हाक ऐकून परक्या गावचे म्हातारे डोळे पुसत आत यायचे. मग माझ्या हातचं जेवून ताळ्यावर यायचे.

तिला एक धाकटा भाऊ, हेनारे. त्याला मातीचं वेड. जिथे जाईल तिथे खाली बसून माती चिमटीत घ्यायची, चुरडायची, वास घ्यायचा. लोक हसायचे, पण त्याच्या वाफ्यातली रताळी मनगटाएवढी निघायची. एका वसंतात तो कुंपण ओलांडून त्या उतारावर गेला. खालच्या सपाटीतली माती चिकट, गार. उतारावरची काळी, खडी मिसळलेली, सकाळीच तापायला लागणारी. इतकी चांगली माती मेलेल्यांच्या काय कामाची, असं तो मला म्हणाला होता आणि वर हसला होता. खड्ड्यांच्या शेजारी त्याने रताळ्याचं बेणं लावलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर मिळणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

वेल फोफावले. आणि त्याच उन्हाळ्यात त्यांचा बाप किनाऱ्यावर जाळं ओढता ओढता वाळूत बसला तो उठलाच नाही.

सभाघराच्या ओसरीत त्याला ठेवलं होतं. उशाशी त्यांची आई, तिच्याशेजारी रिपेकाताई, दोघी काळ्या कपड्यांत. दूरदूरची माणसं येत होती, रडत होती, भाषणं करत होती. दुसऱ्या दिवशी अंगण भरलेलं असताना आई उभी राहिली. म्हातारी काठीएवढी, पण गावात ती बोलेल ती पूर्व दिशा. तिने हेनारेकडे बोट केलं आणि म्हणाली, "तू मेलेल्यांच्या उरावर अन्न पिकवलंस. त्यांनी तुझ्या बापाला नेलं."

सगळा गाव मूग गिळून बसला. संध्याकाळी आईने ताईला उतारावर पाठवलं. ताईने एकेक वेल मुळासकट उपटला आणि गोळा करून समुद्रात टाकला. हेनारे कुंपणाशी उभा राहून बघत होता. बापाला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी हेनारे गेला, तो पार दक्षिण बेटाच्या टोकाला, मांसाच्या कारखान्यात. तिकडेच लग्न केलं, तिकडेच पोरं झाली. आई वारली तेव्हा आला होता. रांगेत आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांच्या नाकाला नाक लावलं आणि संध्याकाळच्या बसने परत गेला. त्यानंतर बहीणभावांचं नातं नाताळच्या एका फोनवर आलं. तिकडे पाऊस आहे का, इकडेही आहे, बरं ठेवते.

हे सगळं तसंच राहिलं असतं. पण ते मोठं वादळ आलं.

वादळात नदीने पात्र सोडलं आणि सपाटीवरचे आमचे सगळे वाफे राखाडी गाळाखाली गेले. कमरेएवढा गाळ, वाळला की विटेसारखा. लागोपाठ दोन हंगाम रताळं उगवलं नाही. दुकानातून आणून भट्टीत घालायची पाळी माझ्यावर आली. पाहुण्याच्या पानात विकतचं रताळं वाढताना मला कसं वाटायचं ते माझं मला माहीत. आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं. तेव्हा लोक उत्तरेकडे तोंड असलेली, उबदार, निचऱ्याची जागा शोधायला लागले. सगळ्या टेकड्यांवर पाइनची झाडं. मोकळा उतार राहिला होता एकच. तो कुठला हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ताईपाशी विषय काढायचा कुणी, इथे घोडं अडलं.

ते धाडस तेरिनाने केलं. पलीकडच्या खोऱ्यातली, आमच्या नात्यातलीच पोरगी. विद्यापीठात जुन्या शेतांचं उत्खनन शिकलेली आणि आता तिथेच शिकवणारी. कोरड्या उन्हाळ्यात विमानातून काढलेले फोटो बघताना तिला आमच्या उतारावरचे खड्डे दिसले. विद्यापीठाचं पोर म्हणजे गळ्यात ओळखपत्र आणि पायांत महागडे बूट, असा माझा अनुभव. ही मात्र आली ती रिकाम्या हाताने, आणि उतारावर पाऊल टाकायच्या आधी ताईच्या दारात उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "हे खड्डे चौकोनी आहेत. आणि माणूस पुरायला इतका मोठा खड्डा कुणी खणत नाही. मला ही रताळ्यांची कोठारं वाटतात. खणून बघू का?"

ताई म्हणाली, "आणि तुझं चुकलं तर?"

"तर मी सगळं होतं तसं बुजवीन आणि तुमची माफी मागेन."

"माझी कशाला मागतेस? त्यांची माग," असं म्हणून ताईने दार लावून घेतलं.

दुपारी ताई माझ्याकडे आली. माकेरेने, म्हणजे माझ्या बायकोने, चहा पुढे ठेवला. तो तिने घेतला नाही. मग म्हणाली, "होआनी, हाडं सापडली तर हेनारेने खरंच पाप केलं. नाही सापडली तर पाप आम्ही केलं, आईने आणि मी. आता मी कुठल्या तोंडाने हो म्हणू?"

मी शांतताप्रिय माणूस. मी म्हटलं, मग नकोच खणायला, इतकी वर्षं गेली तशी आणखी जातील.

"तुझं काय जातंय," ती म्हणाली. "तिथे पाणी भरायला तू जात नाहीस. मी रोज सकाळी डबा भरते आणि रोज मला ते वेल आठवतात. कोवळी रताळी धरली होती रे त्यांना. करंगळीएवढी."

माकेरेने तिच्या पाठीवर हात ठेवला. ताई रडली नाही. गार झालेला चहा एका घोटात प्यायली, आणि जाताना म्हणाली की त्या पोरीला सांग, ये म्हणावं.

ताईच्या अटी ऐकून तेरिनाच्या विद्यार्थ्यांचे चेहरे उतरले. उजाडायच्या आत तामातीआजोबा प्रार्थना म्हणणार, मगच कुदळ लागेल. उतारावर डबा, थर्मास, चॉकलेट काही चालणार नाही. जेवायला खाली रस्त्यावर यायचं, परत जाताना हात-तोंड धुवायचं. आणि एक जरी हाड दिसलं तरी काम तिथेच थांबेल. तेरिनाने सगळं मान्य केलं. तामातीआजोबा आमच्यातले सगळ्यात वडील, त्यांनीही मान हलवली.

ताई कुंपणाच्या आत खुर्ची टाकून बसायची, डोक्यावर छत्री. पहिल्याच दिवशी तिने एका पोराला च्युइंगम चघळतो म्हणून खाली पिटाळलं. गम म्हणजे अन्न नव्हे, असं तो म्हणायला गेला. मग जबडा कशाला हलतोय, असं ताईने विचारलं आणि विषय संपला. खड्ड्यात काय चाललंय ते ती बघत नसे. खणणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. काही सापडलं तर आधी तोंडावर दिसणार, असा तिचा हिशोब.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी ते दिसलं. एक पोरगा एकदम मागे सरकला. मातीत पांढरं, गोल काहीतरी डोकावत होतं. ताई उभी राहिली, छत्री खाली पडली. तामातीआजोबांनी प्रार्थना सुरू केली. मी खाली रस्त्यावर होतो तो धावत वर आलो. तेरिनाने सगळ्यांना मागे केलं, गुडघ्यांवर बसली आणि ब्रशने हळूहळू माती झाडली. ताईचा हात माझ्या दंडात रुतला होता. मग तेरिनाने ते उचलून वर धरलं. पाण्यावर तरंगतो तो हलका, भोकाभोकांचा दगड. किनाऱ्यावर पायलीला पन्नास मिळतात. त्या पोराला ताईने जे काही सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. पण माझा दंड सोडल्यावर ती आधी खुर्चीत बसली, छत्री तशीच पडू देऊन.

पहिला खड्डा तळापर्यंत मोकळा झाला. हाड नाही. तळ सपाट, चोपलेला. कडेने पाणी निघून जायला अरुंद चर. मधोमध ओळीने खांबांची भोकं, वर छप्पर पेलायला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. मग शेजारच्या उतारावर, जिथे हेनारेने बेणं लावलं होतं तिथे, तेरिनाने एक चर खणला आणि ताईला हाताला धरून तिथे नेलं. काळ्या मातीत सगळीकडे बारीक खडी. ती टेकडीची नव्हती. खालच्या नदीची होती. आमच्या लोकांनी ती पाठीवरून टोपल्या वाहून वर आणली होती आणि मातीत मिसळली होती. खडी ऊन धरून ठेवते, पाणी धरत नाही, आणि रताळ्याला तेच हवं असतं. गाव उबदार माती शोधत टेकड्या पालथ्या घालत होता आणि ती तयार होऊन इथे पडलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मला आनंद झाला. इतका की मी माझ्या मनात भट्टीसुद्धा लावली. ताईचा चेहरा मात्र पांढराफटक.

"मग अन्न न्यायचं नाही हे कुठून आलं?" तिने तेरिनाला विचारलं. "माझ्या आईने आपल्या मनाने काढलं? तिने खोटं सांगितलं का आम्हाला?"

हा प्रश्न ती कितीतरी दिवस पोटात धरून असणार. भाऊ सुटला तर आई अडकत होती.

तेरिना तिच्याशेजारी मातीतच बसली. तिने सांगितलं की तिच्या खोऱ्यात तिची आजी अजून बेण्याची रताळी अशाच कोठारात ठेवते, आणि त्याच्या आसपास शिजवलेलं अन्न नेऊ देत नाही. हात धुतल्याशिवाय कुणाला फिरकू देत नाही. शिजलेल्याचा स्पर्श झाला तर बेणं कुजतं, पुढच्या वर्षीचं पीक जातं, असं जुने लोक मानत. म्हणजे कोठार हेच तापू. पुढे गोऱ्यांबरोबर बटाटा आला, त्याला गार मातीही चालते, म्हणून लोक खाली सपाटीवर उतरले, कोठारांची छपरं आत पडली, गवत उगवलं. नियम तेवढा उरला. मग नियम बघून आणि खचलेले खड्डे बघून कुणीतरी म्हटलं असेल की ही थडगीच असणार.

"तुमच्या आईने नियम बरोबर पाळला, मावशी," तेरिना म्हणाली. "तिच्या आईनेही पाळला. त्यामागचं कारण तेवढं वाटेत हरवलं."

ताईने कितीतरी वेळ त्या चराकडे बघितलं. मग खाली आली, खांबावरच्या डब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि ते शिंपडायच्याऐवजी तोंडावर मारलं. घरात गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही. काही आठवड्यांनी विद्यापीठातून निरोप आला की कोठाराच्या तळाच्या मातीत रताळ्याचे सूक्ष्म कण सापडले. तोवर गावात कुणाला शंका राहिलीच नव्हती.

त्याच्या आधीच ताईने फोन लावला होता. मला समोर बसवलं. तू बस, नाहीतर मी मध्येच ठेवून देईन, म्हणाली. तिकडे हेनारेने पावसाचं विचारलं. ताईने पाऊस बाजूला सारला आणि सगळं सांगितलं, खड्डे, चर, खडी, कारण. एका दमात.

मग तो म्हणाला, "बाबा परत येणार आहेत का त्याने?"

"नाही," ताई म्हणाली.

"ताई, हे तू मला फोनवर सांगतेस. तेव्हा सगळ्या गावासमोर सांगितलं होतं."

आणि त्याने फोन ठेवला. मला राग आला. म्हातारी बहीण इतकं मन मोठं करून बोलते आणि हा पठ्ठ्या फोन आपटतो. मी तसं म्हणालोही. ताईने मला गप्प केलं.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "चारचौघांत लावलेला डाग फोनवर कसा निघेल?"

त्यानंतर ती त्याबद्दल बोलली नाही. पण उतारावरचं काम तिने अंगावर घेतलं. गवत काढलं, तेरिनाच्या लोकांनी कोठारं मोजून, झाकून ठेवली आणि बाजूची जमीन आम्हाला मोकळी करून दिली. कुंपण तिने स्वतः पक्कड घेऊन तोडलं. पाण्याचा डबा मात्र तिथेच ठेवला, आणि बेणं आल्यावर उतारावर कुणी सँडविच नेलं तर तंगडी मोडीन असंही सांगून ठेवलं. म्हणजे आम्हाला सुटका नव्हतीच. फक्त आता आम्हाला कारण माहीत होतं.

लावणीचा दिवस तामातीआजोबांनी चंद्र बघून काढला. बेणं तेरिनाच्या खोऱ्यातून येणार होतं, तिच्या आजीच्या कोठारातलं, जुन्या वाणाचं. ताईने हेनारेला तारीख कळवली नाही. कुठल्या तोंडाने कळवू, म्हणाली. मग मी कळवली. मी फोन केला, तारीख सांगितली, आणि म्हटलं, येतोस तर ये, नाहीतर तुझ्या वाटणीचं मी खाईन. मी माकेरेलासुद्धा सांगितलं नाही, कारण माकेरेला सांगणं म्हणजे खाडीला सांगणं.

त्या सकाळी भट्टी पेटवून मी अंगणात आलो तेव्हा पाहुण्यांची बस फाटकाशी उभी होती. पुढे तेरिना आणि बायका, त्यांच्यामागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं बेणं धरलेले पुरुष. ओसरीत ताई, काळे कपडे, डोक्यावर पानांचा वेढा. तिने हाक सुरू केली. दूरच्या खोऱ्यातून आलेल्यांनो या, तुमच्या मेलेल्यांना घेऊन या, आमच्या मेलेल्यांपाशी या. वरच्या टेकडीपर्यंत जाणारा तो आवाज. अंगावर काटा येतो, कितीदा ऐकला तरी.

आणि मध्येच ती थांबली.

हाक मध्ये तुटणं म्हणजे अपशकुन. सगळ्यांनी माना वर केल्या. ताई फाटकाकडे बघत होती. गर्दीच्या अगदी मागे, परक्यांमध्ये परका होऊन, डोक्याचे केस पांढरे झालेला एक माणूस टोपी हातात धरून उभा होता. मी ओळखलं ते त्याच्या उभं राहण्यावरून. कुंपणाशी असाच उभा होता.

मला वाटलं आता हिचा आवाज येत नाही. आला. आधी फाटका, मग स्वच्छ.

"ये रे, माझ्या आईच्या धाकट्या लेका, ये. तुझ्या हातून पाप झालेलं नाही. पूर्वजांच्या शेतात तू त्यांचंच पीक लावलंस. चुकलो ते आम्ही. आईने तुला दोष दिला आणि मी तुझे वेल उपटले, या हातांनी. सगळ्यांसमोर सांगते आहे. बाबांना घेऊन ये, आईला घेऊन ये, घरी ये."

कुणी हललं नाही. अशा वेळी पाहुण्यांकडच्या बाईने उलट हाक द्यायची असते, त्याशिवाय कुणाला चालता येत नाही. तेरिना वयाने लहान, तिला उलट हाक द्यायचा अनुभव नाही. पण तिच्याकडच्या मोठ्या बायका रडत होत्या. शेवटी तेरिनानेच दिली. सूर दोनदा चुकला. पण दिली, आणि मग सगळे हळूहळू अंगणातून पुढे चालायला लागले. हेनारे सगळ्यात शेवटी.

भाषणं झाली. मग पाहुणे रांगेने येऊन एकेकाच्या नाकाला नाक लावायला लागले. हेनारे माझ्यापाशी आला, नाक लावलं, आणि हळूच म्हणाला, "माझ्या वाटणीचं खाल्लं नाहीस ना?" मी नाही म्हटलं. मग तो ताईपाशी पोचला. दोघांनी कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं आणि तशीच उभी राहिली. मागची रांग खोळंबली.

मग हेनारे म्हणाला, "आईला सांगितलंस का?"

"सगळ्यात आधी तिलाच सांगितलं. थडग्यापाशी जाऊन."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? जिवंतपणी कधी स्वतःची चूक मान्य केली होती का तिने?"

हेनारे हसायला लागला, आणि हसता हसता तिच्या खांद्यावर डोकं टेकून पोरासारखा रडला. ताई त्याच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत राहिली. भट्टी उघडायची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि आत मांस गळून चाललं असणार. मी कुणालाही घाई केली नाही.